पगारी हात आणि सहा मीटरची गल्ली

सकाळी ६.४५

पुण्यातल्या पेठेतली गल्ली मोजायची तर ती याच वेळी. दूधवाले येऊन गेलेले असतात, शाळेच्या रिक्षा अजून लागलेल्या नसतात. मी आणि माझा सहायक दोन्हीकडच्या भिंतींना टेप लावून रुंदी घेतो. तोंडाशी सहा मीटर, मधे पावणेसहा, देवळापाशी जेमतेम साडेपाच. वाडे गेले, त्यांच्या जागी चारमजली इमारती उभ्या राहिल्या, गल्ली मात्र होती तेवढीच राहिली.

या गल्लीतल्या एका इमारतीत तळमजल्यावर आमच्या आजच्या पक्षकार राहतात. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्या आणि त्यांची सून घरच्या ओट्यावर पोळ्या करून डबे देतात. आता त्यांना तीन बायका कामाला ठेवायच्या आहेत, गल्लीकडच्या खोलीला विक्रीची खिडकी काढायची आहे आणि बाहेर ‘पोळीभाजी केंद्र’ अशी पाटी लावायची आहे. श्रावण चालू आहे, गणपती तोंडावर आले आहेत आणि उकडीच्या मोदकांची विचारणा सुरू झाली आहे. त्यांना घाई आहे, आणि ती रास्त आहे.

मी आर्किटेक्ट. मोठ्या इमारतींची कामं फारशी करत नाही. माझ्याकडे येतात ते घरातच काहीतरी सुरू करू पाहणारे लोक: शिलाई, क्लिनिक, डबे, पापड. ‘इथे चालेल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा घराच्या आत नसून दारासमोरच्या रस्त्यावर असतं. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी विभागाचे दोन भाग केले आहेत, ते रस्त्याच्या रुंदीवरून. गावठाणासारख्या दाट वस्तीत ९ मीटरची रेघ आहे. त्याहून अरुंद रस्त्यावरचा भूखंड बहुतांशी राहण्यासाठीच. तेवढ्या किंवा जास्त रुंद रस्त्यावर दुकानं आणि उपाहारगृहं यांना वाव मिळतो. रुंद रस्त्यावर गाड्या थांबू शकतात, अग्निशमन दलाचा बंब वळू शकतो, माल चढवता-उतरवता येतो. या नियमाशी माझं भांडण नाही.

फक्त एक गोष्ट. रुंदी ‘अस्तित्वातली किंवा प्रस्तावित’ धरतात. टेप साडेपाच मीटर दाखवत असला तरी महापालिकेच्या नकाशावर या गल्लीची रुंदीकरणाची रेषा ९ मीटरवर आखलेली असेल, तर सगळंच बदलतं. म्हणून भाग नकाशासाठी अर्ज केलेला आहे. तो आज मिळेल.

सकाळी ८.००

वहिनींच्या स्वयंपाकघरात या वेळी बोलायला कुणाला फुरसत नसते. सून लाटते, वहिनी भाजतात, ओट्याच्या टोकाला डबे उघडे मांडलेले. मी कोपऱ्यात उभी राहून नोंदी घेते. गॅस घरगुती, १४.२ किलोच्या सिलिंडरचा. तो व्यवसायाला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि तळमजल्याच्या बंद खोलीत असे दोन-तीन सिलिंडर ठेवायचे म्हटलं की वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आलाच. धूर जायला एक खिडकी, ती जिन्याच्या चौकात उघडते.

मग यंत्रं. मिक्सरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलंय ७५० वॅट. कणीक मळायचं यंत्र अजून घेतलेलं नाही, पण त्याचं माहितीपत्रक वहिनींनी डब्यांखाली जपून ठेवलंय: दहा किलोचं, एक अश्वशक्तीचं. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिते. घरगुती व्यवसायाला नियमावलीत विजेच्या यंत्रशक्तीची मर्यादा आहे ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्ती. मिक्सर आणि कणीक मळायचं यंत्र एका वेळी चालू केलं की ती ओलांडली जाते.

“मॅडम, एकदा हे यंत्र आलं ना, की सुनेचे खांदे वाचतील,” वहिनी म्हणतात. सून मान वर न करता हसते.

निघताना त्या मला कागदांची पिशवी दाखवतात. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना दिल्याची पावती, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, अन्न सुरक्षा नोंदणी. सगळं नीट, प्लॅस्टिकच्या पाकिटात. कुणीतरी त्यांना सांगितलंय की एवढं असलं म्हणजे झालं.

सकाळी ९.३०

ऑफिसात बसून मी त्या पिशवीचाच विचार करते, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे ती असते आणि जवळजवळ प्रत्येकाची समजूत तीच असते. हे तिन्ही कागद खरे आहेत आणि आवश्यकही आहेत. पण उद्यम नोंदणी आधारच्या आधारे स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. शॉप अ‍ॅक्टमध्ये २०१७ च्या कायद्यापासून छोट्या आस्थापनांना नोंदणी नाही, नुसती सूचना द्यायची असते. अन्न सुरक्षा नोंदणी अन्नाबद्दल विचारते. तिन्ही ठिकाणी पत्ता भरावा लागतो. त्या पत्त्यावर हा वापर चालतो की नाही, हे तिन्हींपैकी कुणीच ठरवत नाही. ते ठरवतो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६.

या कायद्यातली एक गोष्ट लोकांच्या पटकन गळी उतरत नाही. ‘विकास’ म्हणजे बांधकाम असं आपण धरून चालतो. कायद्याच्या व्याख्येत इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही विकासच आहे. एक वीट रचली नाही, नुसती झोपायच्या खोलीत विक्रीची खिडकी सुरू केली, तरी कलम ४३ खाली परवानगी लागू शकते. परवानगीशिवाय केलं तर कलम ५२ आहे, आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद तीन वर्षांपर्यंत जाते. वहिनींच्या वयाच्या बाईला हे वाचून दाखवताना माझा आवाज खाली येतो. पण वाचून दाखवते. न सांगता पैसे घेणं मला जमणार नाही.

शिवाय १७ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मेरठमधल्या निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांचं ते प्रकरण. अनधिकृत इमारतीत कोणत्याही व्यवसायाला परवाना देऊ नये आणि वापर आराखड्याशी सुसंगतच हवा, असे निर्देश त्यात देशभरातल्या यंत्रणांना दिलेले आहेत. तेव्हापासून ‘आधी सुरू करू, मग नियमित करून घेऊ’ हा सल्ला देणं मी पूर्ण बंद केलं आहे. ज्याच्याकडे वकील ठेवायला पैसे आहेत तो त्यातून कदाचित वाट काढील. कणकेच्या यंत्रासाठी भिशी उचललेली बाई काढू शकत नाही.

सकाळी १०.४५

फोन. एक तरुण दंतवैद्य. तिने शांत सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने बघितलाय, ॲडव्हान्स आज द्यायचाय. मी विचारते, “तू तिथे राहणार आहेस का?” नाही, ती राहते वडगावला. मग थांब, म्हणते मी. अरुंद रस्त्यावरच्या निवासी इमारतीत डॉक्टरांचा दवाखाना चालतो, पण तो त्या इमारतीत राहणाऱ्या डॉक्टरचा, बाह्यरुग्णांपुरता आणि ५० चौरस मीटरच्या आत. राहणारा माणूस आपल्या शेजाऱ्यांना तोंड देतो, रात्री त्याच जिन्याने चढतो, असा त्यामागचा विचार असावा, आणि तो मला पटतो. तिला सांगितलं, आधी झोन दाखला काढ. झोन दाखला आणि भाग नकाशा या दोन्ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, ठरलेल्या मुदतीत मिळाल्याच पाहिजेत. ॲडव्हान्स त्यानंतर.

दुपारी १२.००

महापालिकेत भाग नकाशा हातात पडतो. कनिष्ठ अभियंता नियमित रेषांची नोंदही बघून देतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते. ती आखली की पुढची बांधकामं तिच्या मागे घ्यावी लागतात आणि गल्ली कागदावर रुंद होते. तो बोट ठेवून दाखवतो. शेजारच्या गल्लीला ९ मीटरची रेषा आहे. आमच्या गल्लीला नाही.

दोन्ही गल्ल्या आज एकाच रुंदीच्या आहेत. शेजारच्या गल्लीतली इमारत वहिनींच्या मागच्या भिंतीला लागून आहे. त्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकानाचा अर्ज विचारात घेता आला असता.

अभियंत्याला मी पगारी कामगारांबद्दल विचारते. तो नियमावली उघडतो आणि आम्ही दोघं घरगुती व्यवसायाची व्याख्या पुन्हा एकदा सावकाश वाचतो. घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीने करायचा, पगारी माणूस न ठेवता. बाहेरून व्यवसायाची पाटी दिसता कामा नये. तिथे तयार झालेलीच वस्तू विकता येईल. लोकांनी येऊन खाण्यापिण्याची जागा नको. शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला धक्का नको. यंत्रं घरात असतात तशीच, आणि यंत्रशक्ती पाऊण किलोवॅटच्या आत.

“बाकी सगळं जुळवता येईल मॅडम,” तो म्हणतो, “पाटी काढतील, यंत्र लहान घेतील. तीन बायका मात्र बसत नाहीत.” त्याचं बरोबर आहे. मला त्याच्याकडून सवलत नको होती, स्पष्ट उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं.

दुपारी २.१५

जेवताना हिशेब. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा विजेचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या आणि आदल्या वर्षाचा ३,६०० युनिटच्या आत असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांनुसार त्याला घरगुतीच दर लागतो. म्हणजे वीज आयोगाने घरात धंदा असतो हे मान्य केलं आणि त्याचा आकार मोजायला एक माप शोधलं. किती युनिट, एवढंच विचारलं. मळणारा हात सुनेचा की पगारी बाईचा, हे विचारलं नाही.

दुपारी ४.००

सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी बैठक. ना हरकत पत्रासाठी ही बैठक आधीच ठरली होती. भाग नकाशा हातात आल्यावरही मी ती रद्द केली नाही, कारण परवानगी मिळो वा न मिळो, शेजाऱ्यांचं ऐकायलाच हवं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, सगळी इमारत त्यांना बाई म्हणते, वही घेऊन आल्या होत्या. दम्याचा त्रास आहे. फोडणीचा धूर चौकातून थेट त्यांच्या खोलीत येतो, सकाळी सहापासून. डबे न्यायला येणारी मुलं दुचाकी जिन्याच्या तोंडाशी लावतात. मागच्या महिन्यात त्यांना रुग्णालयात न्यायचं होतं तेव्हा आधी गाड्या हलवाव्या लागल्या. त्यांनी हे आवाज न चढवता सांगितलं. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की दुचाक्यांची गोष्ट त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकली.

“मला सांगायचं होतं बाई तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“तुझी पोळी मीही खाते,” बाई म्हणाल्या. “म्हणून नाही बोलले.”

अशा बैठकांत मी बहुतेकदा हेच पाहते. माणसाला शेजारणीच्या कमाईचा राग क्वचितच असतो. धूर, पाणी, गाड्या, सिलिंडर आणि रात्रीचा आवाज एवढ्याच गोष्टींवर सगळं अडतं, आणि या सगळ्या गोष्टी मोजता येतात. धुरांडं गच्चीच्या वर नेता येतं. गाड्यांसाठी कोपऱ्यावरची जागा ठरवता येते. सकाळी सातच्या आत फोडणी नाही, असं लिहून देता येतं. बाईंच्या वहीतल्या एकाही तक्रारीत पगारी बायकांचा उल्लेख नव्हता.

संध्याकाळी ६.३०

वहिनींना मी भाग नकाशा उलगडून दाखवते आणि सांगते: तीन बायका ठेवून या घरात केंद्र चालवण्याची परवानगी मिळणार नाही.

त्या बराच वेळ नकाशाकडे बघत राहतात. मग विचारतात, “म्हणजे माझी सून लाटते ते घरकाम, आणि तिच्या शेजारी बसून दुसरी बाई लाटेल तो धंदा?”

नियमानुसार, हो.

“अर्ज टाकून तर बघू. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात ना?” हेही त्यांना कुणीतरी सांगितलेलं. धरतात, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. नाकारलं तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, पण नियमच आड असेल तर अपिलात मागायचं काय? फी, वेळ आणि झोप मात्र जाईल. मी त्यांना तो रस्ता घ्यायला लावणार नाही.

यावर वहिनी जे बोलल्या ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. “मग त्या तिघी आपापल्या घरी लाटतील. मी पोळ्या गोळा करीन.”

मला लिज्जतची आठवण झाली. १९५९ मध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. संस्था वाढली तेव्हा सगळ्यांना एका छपराखाली आणण्याऐवजी मळलेलं पीठ बायका घरी न्यायच्या आणि पापड लाटून आणून द्यायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेही गिरणगावातल्या अशाच बायकांना एकत्र आणून, ज्या आपल्या छोट्या खोल्यांत गिरणी कामगारांची खाणावळ चालवत होत्या. मुंबईच्या गिरण्यांमधला कितीतरी माणूस अशा राहत्या घरांतून जेवला आहे. ही घरं नगररचनेच्या कोणत्याही रकान्यात नीट बसली नसती, आणि त्यांच्यावाचून ते शहर उभंही राहिलं नसतं.

पण पोळी म्हणजे पापड नव्हे. ती गरम लागते, मऊ लागते. शिवाय अन्न सुरक्षा नोंदणी जागेनुसार असते. प्रत्येकीच्या घराची वेगळी काढावी लागेल. शुल्क वर्षाला शंभर रुपये, पण घर दाखवावं लागेल. तिघींपैकी दोघी दांडेकर पुलाच्या वस्तीत राहतात. एकीच्या घरात ओटा नाही, नळाला पाणी ठरावीक वेळी. वहिनी हे सगळं जाणून आहेत. त्या स्वतःशीच हिशेब करतात आणि म्हणतात, “दोघींचं जमेल. तिसरीला माझ्याकडे ठेवता आलं असतं तर तिचं सगळ्यात बरं झालं असतं. तिलाच जास्त गरज आहे.”

शेवटी ठरलं ते असं. यंदाच्या गणपतीत घरच्या माणसांच्या हातून होतील तेवढेच मोदक. खिडकी नाही, पाटी नाही, कणकेचं यंत्र लहान. धुरांडं या आठवड्यात गच्चीपर्यंत न्यायचं, परवानगीची वाट न बघता, कारण ते बाईंसाठी आहे. दिवाळीनंतर रुंद रस्त्यावरचा गाळा बघायचा, भाडं परवडलं तर. सुनेने विचारलं, गाळ्यात तिन्ही मावश्या चालतील का? चालतील.

रात्री ८.४५

घरी आल्यावर मी शासनाच्या नगरविकास विभागाला पाठवायचं निवेदन लिहायला घेतलं. नियमावलीत बदल होत असतात. फेरबदलाच्या वेळी हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यासाठी वाट बघत बसण्यापेक्षा आधीच लिहून ठेवलेलं बरं.

माझी मागणी एकच आहे. अरुंद रस्त्यावरच्या घरगुती व्यवसायात मोजके पगारी कामगार चालावेत. हे देशात नवीन नाही. निवासी भागातल्या व्यापारी वापरावरून दिल्लीत २००६ मध्ये मोठी सीलबंदी झाली. पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या दिल्लीच्या बृहद् आराखड्याने घरगुती उद्योगाला पाच कामगार आणि पाच किलोवॅटपर्यंत निवासी भागात जागा दिली. आपल्याकडे कामगार शून्य आणि पाऊण किलोवॅट. या शून्याचा फटका कुणाला बसतो? ज्या क्षणी एक बाई दुसऱ्या बाईला पगार देण्याइतकी उभी राहते, नेमकी त्याच क्षणी ती नियमाबाहेर जाते. कुटुंबातल्या माणसांनी, बहुतेक वेळा सुनेने, बिनपगारी राबावं हे नियमाला चालतं. त्याच कामाचे कुणाला पैसे मिळाले की चालत नाही. वस्तीची शांतता राखायला हा निकष उपयोगाचा नाही, कारण शांतता बिघडते ती धुराने आणि गाड्यांनी.

म्हणून मसुद्यात अटी लिहिल्या. कामगारांची कमाल संख्या. कामाचे तास. व्यावसायिक सिलिंडर किती आणि कुठे. धुरांडं इमारतीच्या गच्चीच्या वर. यंत्रशक्तीची मर्यादा आजच्या घरातल्या यंत्रांकडे बघून नव्याने ठरवलेली. बाहेर पाटी नको, ही जुनी अट तशीच राहू दे. आणि शेवटची अट बाईंच्या वहीवरून घातली: परवानगी एका वर्षाची असावी, आणि नूतनीकरणाआधी त्याच जिन्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराचं म्हणणं लेखी घ्यावं.